अर्ध्यावर राहिलेलं ‘तर…’

ऑक्टोबरातल्या त्या भुरभुर पावसाच्या सकाळी कोरीन थिबोने चौकात गाडी थांबवली, ती एका उंच माणसाला पाहून. निवडणुकीच्या दिवसांत अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या प्रत्येक चौकात कुणीतरी आपल्या नावाचा फलक धरून उभं असतंच. पण या गड्याच्या एका हातात होता ‘सायलस व्हिटकम – विधानसभा’ आणि दुसऱ्या हातात ‘लोर्ना प्रॅट – विधानसभा’. दोघंही एकाच जागेसाठी एकमेकांविरुद्ध उभे!

तिने काच खाली केली. “यातले नेमके तुम्ही कोण?”

“सायलस. सफरचंदांच्या बागेतला,” तो म्हणाला. “लोर्नाबाई कॉफी आणायला गेल्यात, म्हणाल्या जरा धर. शाळेत त्यांनीच शिकवलंय मला, नाही म्हणायची छाती होत नाही अजून.”

“मग लोकांना हात कसा करता?”

“दोन्ही हात गुंतलेत ना… म्हणून मान हलवतोय.”

कोरीन खळखळून हसली, आणि मग तिला आठवलं की आपण वर्तमानपत्राच्या कामावर आहोत. तिने ओळख करून दिली. खोऱ्यातल्या विधानसभेच्या सगळ्या लढती आणि गव्हर्नरची निवडणूक, दोन्हींचा अभ्यास करून मतदारांसाठी खास अंक काढायचा होता. त्याने मानेनेच बाकावरच्या कागदी पिशवीकडे खूण केली. आत डोनट होते, सफरचंदाच्या रसातले, अजून गरम. दालचिनीचा वास थेट गाडीत आला.

“उमेदवाराकडून पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असा संपादकांचा नियम आहे,” ती जड मनाने म्हणाली.

“मग निवडणूक झाल्यावर?”

“निवडून आलात तर तेव्हाही नाही. अधिवेशनाच्या बातम्या मीच देते.”

“आणि पडलो तर?”

त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब अडकले होते. कोरीनला उगाचच ते पुसावेसे वाटले.

“पडलात तर…”

मागच्या गाडीने भोंगा वाजवला. तिने घाईघाईने गिअर टाकला आणि वाक्य तिथेच राहिलं.

गव्हर्नरच्या लढतीचा तिने फडशा पाडला. जुनी भाषणं वाचली, कुणी कुठे शब्द फिरवला ते शोधलं, निकाल काय लागणार तेही तिला दिसू लागलं. घोडं अडलं ते घराजवळच. गावातली शाळा चालू ठेवण्याबद्दल सायलसचं म्हणणं काय, एवढ्या एका प्रश्नासाठी ती पुन्हा पुन्हा बागेत गेली. तो शिडीवरून उत्तरं द्यायचा आणि ती खाली उभी राहून लिहून घ्यायची. दर वेळी निघताना तो गंभीर चेहऱ्याने विचारायचा, “अजून काही राहिलंय का विचारायचं?” राहिलेलं असायचं, पण ते अंकात छापण्याजोगं नव्हतं.

तिची पंचाईत अशी, की सायलसने शाळेचा खरोखर कसून विचार केला होता. लोर्नाबाई भल्या होत्या, पण त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. कोरीनने अंकात तसंच लिहिलं आणि कोण जिंकेल याचा अंदाज देताना ‘सांगता येत नाही’ म्हटलं.

मतदानाच्या दिवशी पडद्याआड तिचं पेन थांबलं. हा पडावा, असं तिला मनापासून वाटत होतं. त्याच हाताने तिने त्याच्या नावापुढे खूण केली, आणि गाडीत बसल्यावर थोडी रडली.

गव्हर्नरचा निकाल तिच्या अंदाजाप्रमाणेच लागला. सायलस एका मताने पडला. फेरमोजणी झाली, तरी तेच.

ती बागेत पोचली तेव्हा हिमाचे बारीक कण उडत होते. तो शिट्टी वाजवत पेट्या रचत होता. पडलेला उमेदवार इतका खुशीत तिने कधी पाहिला नव्हता.

“मी तुला मत दिलं होतं,” ती म्हणाली.

“माझ्यापासून सुटका हवी होती म्हणायची!”

“चांगला होतास म्हणून दिलं. फार जिवावर आलं होतं…” आणि ती थबकली. कुठल्याही निकालाचा हिशेब मांडायची तिला सवयच होती. “सायलस, तू कुणाला दिलंस?”

तो पेटीचं झाकण उगाच दोनदा बसवत राहिला. “बाईंना. आमच्या घरात स्वतःच्या नावापुढे खूण करत नाहीत. आजोबाही नाही करायचे, वाईट दिसतं म्हणून.”

“अरे, आणि ज्यांनी तुला मतं दिली त्यांचं काय?”

“बाईंचा सकाळीच फोन आला. शाळेचा सगळा अभ्यास घेऊन ये म्हणाल्या, ठराव त्या मांडणार आहेत.”

“म्हणजे आजोबांपायी पडलास.”

“लोकांना तसंच सांगतोय,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “पण खरं सांगू? पडद्याआड गेलो तेव्हा आजोबा आठवलेच नाहीत. तुझं ते ‘तर…’ आठवलं. पुढे काय, ते कळल्याशिवाय मला चैन पडेना.”

बाकावर कागदी पिशवी होती, अजून गरम. कोरीनने त्यातला एक डोनट काढला आणि त्याच्याकडे बघत सावकाश एक मोठा घास घेतला.

“कळलं?” तिने भरल्या तोंडाने विचारलं.