टेबलावरची सवत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. इंजिनावर जळणारी बायको तुम्ही पाहिली नसेल. मी जळले. अंगाची लाही लाही होईपर्यंत जळले आणि अजूनही जळतेच आहे.

मी घरी पडदे शिवून देते. त्या दिवशी पडद्यांच्या कड्या संपल्या म्हणून आम्ही दोघं बाजारात निघालो होतो. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात आणि सुटीच्या दिवशी माझ्या पिशव्या उचलतात. वाटेत भंगारवाल्याच्या आवारात, पत्र्यांच्या मागे, एक जुनी मोटारसायकल उभी होती. टाकी गंजलेली, चाकांत गवत वाढलेलं. हे थांबले. मी पुढे जाऊन कड्या घेऊन परत आले, तरी हे तिथेच, इंजिनावर तळहात ठेवून.

"कुणाची हो ही?" मी भंगारवाल्याला विचारलं.

"कोण सोडून गेलं देव जाणे. इंजिन जाम आहे. नेताय तर न्या, माझी जागा तरी मोकळी होईल."

गाडी मागच्या दारी उभी राहिली आणि इंजिन सुटं होऊन आलं ते थेट माझ्या कापायच्या टेबलावर. "चारच दिवस," हे म्हणाले. मी मुकाट्यानं कापड जमिनीवर पसरलं आणि गुडघ्यांवर बसून कापायला लागले.

पिस्टन आत सिलिंडरला धरून बसला होता. यांनी प्लग काढला, त्या भोकातून तेल ओतलं, आणि रोज कामावरून आले की हातपाय न धुता पाना लावून किंचित हलवून बघायचे. हलायचा नाही. मग पुन्हा तेल.

"हाणा की एकदा हातोडी," मी म्हणायची.

"छे! जोर केला की मोडतं. गोंजारावं लागतं."

गोंजारावं! माझं बोट शिवणयंत्राच्या सुईखाली आलं होतं, तेव्हा 'बघून शिवत जा' एवढंच म्हणाले होते हे. आता मात्र पोटमाळ्यावरचा माझा मऊ पंचा काढून त्या लोखंडाला पुसत बसायचे. जेवायला हाक मारली की 'आलो आलो', आणि येतंय कोण! खोलीतून हळू बोलण्याचा आवाज यायचा. मी दारात गेले की गप्प.

एकदा नणंद आली, तिनं टेबलाकडे पाहिलं आणि टाळी दिली. "वहिनी, दादानं सवत आणली की गं!" मी हसले. तोंडदेखलं.

मग एका सुटीच्या दुपारी आतून हाक आली, "अगं, सुटला! सुटला!" मी हातातली कात्री तशीच घेऊन धावले. यांनी सिलिंडर वर उचलून बाजूला ठेवला होता. पिस्टन उघडा पडला होता आणि त्याच्या खालच्या दांड्याला काहीतरी गुंडाळलेलं होतं. मला दोरा लांबूनही ओळखता येतो. तो दोरा नव्हता, केस होता. हातभर लांब, काळाभोर. एवढ्या वर्षांच्या काजळीत बुडूनही त्याला डागसुद्धा नव्हता. खोलीत रॉकेलचा वास भरला होता, आणि त्या वासातून हळूच दुसरा वास आला. डोक्याला लावायच्या सुवासिक तेलाचा.

माझे केस मानेपर्यंत कापलेले, त्यातले निम्मे पांढरे.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"आतच होता."

"बंद इंजिनात केस जातो कसा?"

"मला काय माहीत?"

"फेका तो आधी."

इथे यांचा हट्ट आडवा आला. जुनी गाडी उभी करायची तर तिचं मूळचं काही टाकायचं नाही. गंजका स्क्रूसुद्धा घासून परत त्याच जागी. स्क्रूचं मी समजू शकते. पण यांनी तो केस हलक्या हातानं सोडवला, बोटाभोवती गुंडाळला आणि स्क्रूंच्या डब्यात ठेवला.

"मूळचा आहे," हे म्हणाले. "आत होता, आतच जाईल."

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले आणि मी तो केस गॅसवर धरला. चुर्र झालं, घरभर घाण सुटली. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात टेबलावरून आवाज आला. टक्... मग जरा थांबून पुन्हा... टक्.

भर दुपारची वेळ. धूळ जाऊ नये म्हणून यांनी सिलिंडर परत वर बसवून ठेवला होता, प्लगचं भोक तेवढं उघडं होतं. मी जवळ गेले. इंजिनाच्या बाजूचं जड चाक आपसूक फिरत होतं. सावकाश, कुणी गोंजारत फिरवावं तसं. मी वाकले आणि त्या भोकातून माझ्या गालावर गरम वारा आला. तेलाचा तोच वास. मग चाक उरलेला अर्धा फेरा फिरलं आणि वारा आत ओढला गेला. त्याबरोबर माझ्या कानाजवळची बटही आत ओढली जाऊ लागली. मी हिसका देऊन मागे झाले.

"कोण... कोण आहे?"

चाक थांबलं.

संध्याकाळी मी काही बोलायच्या आत यांनी सिलिंडर उचलला. दांड्याला केस होता. तसाच लांब, तसाच काळा.

"डब्यातला कुठे गेला?"

"जाळला मी."

चिडतील असं वाटलं होतं. चिडले असते तर बरं झालं असतं. हे हसले. ते हसू मी माझं समजत होते हो, फक्त माझं. "कशाला त्रास करून घेतेस?" हे हळूच म्हणाले. "तिच्याकडे... पुष्कळ आहेत."

"कुणाकडे?"

हे हात पुसत राहिले.

केस आत ठेवून यांनी इंजिन परत बंदिस्त केलं आणि गाडीत बसवलं. माझं टेबल मोकळं झालं, पण मला त्यावर कापड टाकवेना. एकच धास्ती होती, की हिला घेऊन हे निघाले तर परत यायचे नाहीत. मनाशी ठरवलं, एकट्याला सोडायचं नाही. सुटीच्या सकाळी यांनी गाडी बाहेर काढली तेव्हा मी चपला घालून तयार होते. पहिल्याच किकला इंजिन लागलं. आवाज काय गोड होता, मेला!

"थांबा, मी पण येते."

यांनी मान वळवून मागच्या गादीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अगं, पण जागा कुठाय?"

चेष्टेनं नाही. अगदी सरळ, भरलेल्या बसमधून कंडक्टर सांगतो तसं. मागची गादी रिकामी होती. मी तिच्यावर हात ठेवला. गाडी सावलीत होती, तरी गादी गरम होती. आणि गादीखालच्या स्प्रिंगा पार खाली दबलेल्या होत्या, कुणीतरी नीट सरकून बसावं तशा.

माझा हात आपोआप मागे आला. गाडी गेली.

दिवसभर मी उंबऱ्यावर बसून होते. पोटात अन्न नाही की पाणी नाही. दिवे लागायच्या आधी आवाज ऐकू आला आणि हे आले. मी आधी मागच्या गादीकडे बघितलं. स्प्रिंगा वर आल्या होत्या. उतरली कुठेतरी, सुटले बाई, म्हणून मी दार लोटून आत पळाले, चहा टाकायला.

स्वयंपाकघरातून बाहेरचं दार दिसतं. यांनी ते उघडलं, पण लगेच आत आले नाहीत. अंग चोरून बाजूला उभे राहिले, हातानं दार धरून. जरा वाट पाहिली. मग आत आले आणि दार लावून घेतलं.

माझ्यासाठी आजवर कधी दार धरलं नाही हो यांनी.