चंद्रवेणीवरचा तीनशे सतरा

शनिवारी सकाळी साडेनऊला फोन वाजला तेव्हा कस्तुराबाई मेथी निवडत बसल्या होत्या. फोन अंजलीचा होता, आणि पोरीचा आवाज नेहमीचा नव्हता.

"मावशी, पप्पांची चंद्रवेणी कोणीतरी बदललीय. पेटीत आहे ती आपली नाही."

कस्तुराबाईंनी मेथी तशीच टाकली, पर्समध्ये व्हर्नियर आहे ना ते पाहिलं आणि स्कूटर काढली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी हे मोजमापाचं हत्यार त्यांच्या पर्समधून हललं नव्हतं. चाकणच्या कंपनीत तीस वर्षं त्यांनी इन्स्पेक्शन केलं होतं. समोरचा 'साधारण एवढं असेल' असं म्हणाला की बाईंचं डोकं अजूनही फिरायचं.

चंद्रवेणी म्हणजे खंजीर. खरं तर कादंबरीतला. अंजलीची मैत्रीण ऋता हिने तळवड्याच्या आयटी कंपनीत नोकरी करता करता तीन भागांची एक प्रेमकथा लिहिली. त्यात राजकन्या हेमांगी शत्रूच्या सेनापतीला आपला खंजीर देते. त्याचं पातं वेणीसारखं पिळाचं, आणि दिलेला शब्द मोडणाऱ्याच्या हातात ते काळं पडतं. पोरी वेड्या झाल्या त्या खंजिरापायी. कानात चंद्रवेणी, मोबाइलच्या कव्हरवर चंद्रवेणी. सेनापतीपेक्षा खंजिराचे चाहते जास्त, असं ऋता स्वतःच हसून सांगायची.

तो कागदावरचा खंजीर लोखंडात आणला अंजलीच्या वडिलांनी, जयसिंगनी. चाकणच्या त्याच कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं घडवायच्या विभागात, माणसाची उभी हयात गेली होती. ऋता आणि अंजली आकुर्डीच्या कॉलेजात एका बाकावरच्या. ऋता अर्धी वाढली ती अंजलीच्या घरच्या भाकरीवर. जयसिंगनी निवृत्तीनंतर चार महिने खपून, पितळी म्यानासकट, धार न काढलेली एकच चंद्रवेणी बनवली आणि पुढच्या दिवाळीच्या आत ते गेले. अंजलीकडे बापाच्या हातची हीच एक वस्तू उरली होती. पेटीत खोटी असेल, तर खरी कुठे होती?

आकुर्डीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडणं चाललं होतं. रविवारी अकराला वाचकांचा मेळावा, आणि त्यात या कथेवरच्या वेबमालिकेची घोषणा. काचेच्या पेटीपाशी तिघं उभी होती. अंजली, रडून डोळे सुजलेली ऋता, आणि पुस्तकाचा प्रकाशक अवधूत, जो दर मिनिटाला घड्याळ बघत होता.

"तुला कसं कळलं?" बाईंनी अंजलीला विचारलं.

अंजलीने सांगितलं की कुठेही मांडण्याआधी पप्पा चंद्रवेणीला तेलाचा हात फिरवायचे. ती सवय तिने चालू ठेवली होती. आज ती न सांगता सकाळीच आली, अवधूतकडून किल्ली घेतली, म्यान उचललं, तर आत खुळखुळ वाजलं. पूर्वी पातं बसलं की चिकटून बसायचं. मग फडक्याने पुसलं, तर फडकं काळं झालं.

"चंद्रवेणी काळी पडली म्हणे," अवधूत पुटपुटला. कोणी हसलं नाही.

बाईंनी बांगडीच्या पिनेजवळ अडकवलेलं छोटं लोहचुंबक पात्याला लावलं. ते खाली पडलं. पोलाद नव्हतंच ते. जस्ताचं ओतकाम, वर चकाकी. मग त्यांनी पातं उजेडाकडे धरलं आणि मुठीजवळची एक जागा अंगठ्याने चाचपत राहिल्या. तिथे हलकासा, गुळगुळीत उंचवटा होता. बाकी काही नव्हतं.

"नंबर नाही," त्या म्हणाल्या.

टूलरूममध्ये प्रत्येक कारागिराला टोकन नंबर असतो, आणि आपल्या कामावर तो पंचाने ठोकायची रीत असते. काम बिघडलं तर शिव्या कोणाला घालायच्या ते कळावं म्हणून. जयसिंगचा नंबर तीनशे सतरा. त्या नंबरचं काम हातात आलं की कस्तुराबाई निम्मी निश्चिंत व्हायच्या. चंद्रवेणीवरही तो होता. वाचक पोरींनी त्यावरून काय काय तर्क लढवले होते. तीनशे सतरा रात्रींचा विरह म्हणे. ऋताने खरं काय ते कधी सांगितलं नाही.

बाईंनी एक खुर्ची ओढली आणि अवधूतला समोर बसवलं.

"पेटीच्या किल्ल्या किती?"

"एकच. माझ्याकडे होती. पण पेटी आणि कुलूप तळवड्याच्या शेडवाल्या धनेशने बसवलंय. त्याने दुसरी करून घेतली असेल तर देव जाणे."

"खंजीर पेटीत कोणी ठेवला?"

"काल संध्याकाळी ऋताने. मी फक्त कुलूप लावलं."

मग ऋता. मोशीला अंजलीच्या घरून खंजीर घेतला आणि गाडीने सरळ इथे आणला, असं तिने सांगितलं. याआधी तो तिच्याकडे कधी होता, या प्रश्नावर ती जरा अडखळली. गेल्या महिन्यात फोटोंसाठी आठ दिवस होता, पण तिने तो परत केला होता, अंजलीला विचारा. अंजलीने मान हलवली. परत आलेली खरीच होती, तिने स्वतः तेल लावलं होतं.

"तुझा संशय कोणावर?"

ऋताने डोळे पुसले. "नाव घ्यायला नको वाटतं. पण धनेशभाऊंना चंद्रवेणीच्या प्रती करून विकायच्या होत्या. मी नाही म्हटलं. त्यांच्याकडे ड्रॉइंग आहे, मशीन आहे. काकू, पोलिसांत मात्र सोमवारनंतर जाऊ या. सोमवारी करारावर सह्या आहेत, त्याआधी बोभाटा नको."

तळवड्याच्या शेडमध्ये धनेश घरचा डबा उघडून बसला होता. जयसिंगचा जुना जोडीदार, तोंडाने फटकळ. चंद्रवेणी याच शेडमध्ये घडली होती. खोटा खंजीर त्याने हातात घेतला, उलटसुलट केला आणि जवळजवळ फेकूनच दिला.

"ह्ये आमी केलंय म्हनतात? कस्तुराबाई, आमी केली असती तर अंजलीला जन्मात कळली नसती. ड्रॉइंग हाय माझ्यापाशी. जयसिंगभाऊच्या सहीचं."

त्याने कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढला. एकूण लांबी दोनशे चाळीस मिलिमीटर. बाईंनी मोठं व्हर्नियर मागून घेतलं आणि खोटा खंजीर तीनदा मोजला. तिन्ही वेळा दोनशे अडतीस. रुंदीही त्याच हिशेबात कमी. बाईंनी व्हर्नियर खाली ठेवलं.

"काय झालं?" धनेशने विचारलं.

"वाईट झालं," कस्तुराबाई म्हणाल्या. "जेव."

परत जाताना त्यांनी स्कूटर मुद्दाम हळू चालवली. उत्तर हातात आलं होतं, पण ते अंजलीला सांगायचं जिवावर येत होतं.

चार वाजता हॉलच्या मागच्या खोलीत त्यांनी तिघांना बसवलं. खोटा खंजीर टेबलावर ठेवला.

"धनेशने हे केलेलं नाही," त्यांनी सुरुवात केली. "त्याच्याकडे ड्रॉइंग आहे. त्याने पोलाद कापून बरोबर दोनशे चाळीसचा काढला असता. हा दोन मिलिमीटरने लहान आहे. का? ओतलेला धातू थंड होताना आकसतो. ओतकामाचे लोक ड्रॉइंगवरून साचा करतात तेव्हा तो तेवढा मोठा धरतात. पण खऱ्या वस्तूवरच रबर ओतून साचा काढला, तर प्रत लहानच निघणार. म्हणून ती म्यानात खुळखुळते. म्हणजे ज्याने हे करवलं त्याच्याकडे ड्रॉइंग नव्हतं. खरी चंद्रवेणी होती, आणि साचा निघेपर्यंत काही दिवस होती."

अवधूतने ऋताकडे पाहिलं. ऋता टेबलाकडे पाहत होती.

"तरी मी म्हटलं, फोटोवाल्याकडे गेली असेल, तिथे कोणी साचा काढला असेल. पण मग हा उंचवटा." बाईंनी मुठीजवळच्या जागेवर बोट ठेवलं. "साचा काढण्याआधी कोणीतरी नंबरात पुट्टी भरली. पुट्टी जरा वर आली, आणि साच्याने ती जशीच्या तशी उचलली. आता मला सांगा, जो चोर खोटी वस्तू खरीच्या जागी ठेवतो, तो खूण बुजवेल की जपेल? तो तर आधी नंबर ठोकेल. इथे नंबरच नको होता. सबंध पिंपरी-चिंचवडात जयसिंगचा नंबर कोणाला अडचणीचा होता?"

बाई ऋताकडे वळल्या.

"आठ दिवस खंजीर तुझ्याकडे होता, ऋता. साचा काढून, पुट्टी पुसून तू खरा परत दिलास. काल मोशीहून घेतलास आणि वाटेत बदललास. उद्याचे फोटो बिननंबरी हवे होते. मेळावा झाला की परत अदलाबदल केली असतीस, आणि अंजली सकाळी तेल घेऊन आली नसती तर कोणाला पत्ताही लागला नसता. सापडल्यावर मात्र तू धनेशचं नाव घेतलंस. त्याचा मला जास्त राग आहे."

ऋता नाकारेल असं अवधूतला वाटलं असावं. ती नाकारू शकली नाही. मालिकावाल्यांनी तीनशे सतरा काय म्हणून विचारलं होतं. आधीच्या एका मुलाखतीत ती बोलून गेली होती की चंद्रवेणीची प्रत्येक रेषा तिनेच काढली. करारात तेच लिहून आलं. नाव, रूप, सगळं लेखिकेचं, दुसऱ्या कोणाचा हात नाही. तिथून मागे फिरायची तिला लाज वाटली.

"मला मागायचं होतंस ग," अंजली म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी हवी तिथे सही दिली असती. फक्त म्हटलं असतं, कोपऱ्यात पप्पांचं नाव टाक. बारा वर्षं माझ्या ताटात जेवलीस आणि त्यांचा नंबर तुला पुट्टीने बुजवावासा वाटला?"

 ऋताने गाडीतून एक टॉवेलची गुंडाळी आणली आणि टेबलावर ठेवली. अंजलीने टॉवेल उलगडला. पोलाद होतं, वजन होतं, पिळाचं पातं होतं. मुठीजवळ मात्र ताजी घासलेली, आरशासारखी जागा होती. नंबर गेला होता.

"म्हणजे परत करणार नव्हतीस. नंबर घालवून हीच मालिकावाल्यांना दाखवणार होतीस," कस्तुराबाई हळूच म्हणाल्या. हे त्यांच्याही हिशेबात नव्हतं.

अंजली त्या जागेवरून अंगठा फिरवत राहिली आणि मग तिला रडू फुटलं. बाईंनी तिला रडू दिलं. मग पर्समधून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला.

"इकडे आण. तुझा बाप जसा तुला माहीत तसा मलाही माहीत आहे. कंपनीत एकाने त्याने बनवलेल्या गेजवरचा, मापाच्या साधनावरचा, नंबर घासून आपला ठोकला होता. तेव्हापासून जयसिंग नंबर दोनदा ठोकायचा. दुसरा कुठे, ते फक्त मला सांगायचा."

मुठीच्या टोकाचा स्क्रू निघाला. लाकडी मूठ सरकून बाहेर आली. आतल्या पट्टीवर, तेलाच्या पिवळ्या डागाखाली, तीनशे सतरा स्वच्छ दिसत होता. त्याखाली एकेक अक्षर ठोकून लिहिलेली दोन नावं होती. ओळ थोडी वाकडी गेली होती, म्हाताऱ्याचा हात तेव्हा थरथरायला लागला होता.

बाईंनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं. "ऋता. अंजली."

ऋताने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचं नाव आधी होतं.

अंजलीने मूठ चढवली, स्क्रू घट्ट केला, फडक्यावर तेल घेतलं आणि पातं मुठीपासून टोकापर्यंत सावकाश पुसलं. म्यानात घातल्यावर ते चिकटून बसलं, काही वाजलं नाही. मग तिने टेबलावरचा जस्ताचा खंजीर ऋताकडे सरकवला.

"उद्या पेटीत ही ठेव. तुझीच आहे. हिच्यावर कोणाचाच नंबर नाही."

कस्तुराबाईंनी स्कूटरची किल्ली उचलली आणि अंजलीला म्हणाल्या की वाटेत तळवड्याला थांबू, धनेशला सांगायचं आहे.