राईएवढा द्वारपाल

"नऊ वर्षांचं नगर एका क्षणात जळालं, साहेब. आणि जाळणारा घरातलाच आहे."

एवढे बोलून ती खुर्चीत बसली. ग्रंथपाल म्हणून आयुष्यभर हळू बोलण्याची सवय जोपासलेल्या त्या स्त्रीचा स्वर आज भिंतींवर आदळत होता. अन्वेषकांनी शांतपणे चष्मा पुसला. त्यांचे स्नेही वकील मात्र, नेहमीप्रमाणे, निष्कर्षाच्या उंबरठ्यावर जाऊन उभे राहिले होते.

"नगर म्हणजे?" अन्वेषकांनी विचारले.

"संगणकावरच्या खेळातलं. ताईनं आणि मी घर घर करून उभारलेलं. ताई पूर्वी इमारतींचे नकाशे काढायची. आता तिची नजर आकसत चाललीय. सोमवारी शस्त्रक्रिया आहे. नंतर दिसेल की नाही, डॉक्टर शब्द देत नाहीत. जुन्या संगणकावर एका वेळी एकच गल्ली दिसायची. म्हणून नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं, त्याला वीज पुरेल असा नवा पॉवर सप्लाय घेतला. एकदा तरी तिला अख्खं नगर सूर्योदयात पाहू दे, एवढीच इच्छा. काल बटण दाबलं, चट् आवाज झाला, जळका वास आला, संपलं!"

"दुसरी प्रत?"

"ताई ठेवू देत नाही. म्हणते, दोन नगरं झाली तर राहायचं कोणत्या?"

"आणि संशय?"

"दादावर. खेळाचं नाव काढलं की नाक मुरडतो."

"हेतू सिद्ध!" वकील उद्गारले.

"वकीलसाहेब, आधी घर तर पाहू."

*

मेजावर संगणकाची काचेची बाजू उघडी होती. अन्वेषक गाभाऱ्यात वाकावे तसे आत वाकले. सर्व तारा एकसारख्या काळ्या होत्या. केवळ एकीवर वितीवितीच्या अंतराने लाल दोऱ्याच्या गाठी होत्या. शेजारी नव्या पॉवर सप्लायचे खोके होते आणि त्यात तारेची एक पिशवी, अद्याप मोहोरबंद.

अख्खे नगर जिच्यात साठवलेले होते ती जुनी डिस्क त्यांनी तळहातावर घेतली. तिच्या पाठीवरील हिरव्या पट्टीवरून त्यांचे भिंग सरकत गेले आणि एका काळवंडलेल्या कणापाशी थांबले. बाकी पट्टी निष्कलंक होती.

दादांना प्रथम बोलावले.

"मी नाक मुरडतो, हात लावत नाही," ते तडकले. "त्या पेटीला शिवायची माझी टाप आहे का या घरात? मी दारात उभा होतो. बटण धाकटीनं दाबलं."

नंतर दुकानातील तंत्रज्ञ आला. "कार्ड आणि सप्लाय मी बसवले, चालवून पाहिले आणि दिले. पण डिस्क ताईंनी दिलीच नाही. 'माझं नगर परक्याच्या टेबलावर ठेवणार नाही' म्हणाल्या. ती घरी जोडली. जळाल्यावर मात्र आज सकाळी नाइलाजानं पाठवली. माझ्या दुकानातल्या यंत्राला लावली, तर ते सुरूच होईना. डिस्क काढली की पंखे गरगर फिरतात, लावली की गप्प."

"म्हणजे डिस्क ठार!" वकिलांनी निकाल दिला.

खिडकीपाशी बसलेल्या ताईंसमोर अन्वेषक जाऊन बसले.

"या लाल गाठी?"

"माझ्याच." ताई हसल्या. "आता डोळ्यांपेक्षा माझ्या बोटांनाच जास्त दिसतं. डिस्कची तार हाताला कळावी म्हणून तीन वर्षांपूर्वी बांधल्या. काल मीच तर जोडली. बरोब्बर बसली."

*

अर्ध्या घटकेने सर्व जण मेजाभोवती जमले.

"पॉवर सप्लाय परवा आला," अन्वेषकांनी आरंभ केला. "गाठी तीन वर्षांच्या आहेत. म्हणजे ही तार जुन्या सप्लायची. नवी तर अजून पिशवीतच आहे. वकीलसाहेब, हे आपल्या डोळ्यांदेखत होतं."

"पण तार बसली ना!"

"तेच फसवं. तोंड तेच असतं, आतल्या बारीक तारांचा क्रम मात्र प्रत्येक कारखाना आपल्या मनानं लावतो. पाच व्होल्टच्या दारातून बारा आत शिरले. इथं कोणी वैरी नाही. खुणेवर विश्वास ठेवणारा एक हात आहे, इतकंच."

तंत्रज्ञाने कपाळावर हात मारला.

"म्हणजे मीच जाळलं," ताई पुटपुटल्या.

धाकटीने मान खाली घातली. दादाच पुढे झाले आणि ताईंच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"थांबा. मी अर्धंच सांगितलंय." अन्वेषकांचा स्वर एकाएकी मृदू झाला. "मेलेली डिस्क कोणाला अडवत नाही. यंत्र तिला सोडून सुरू होतं. ही मात्र अख्ख्या यंत्राला अडवते आहे. का? या पट्टीवर राईएवढा एक द्वारपाल बसवलेला असतो. जास्त वीज आली, की तो स्वतः जळून वाट बुजवतो. काल तो जळाला. पण अजून दारात आडवा पडून आहे. कोणालाच आत सोडत नाही."

तंत्रज्ञाचे डोळे विस्फारले. "साहेब, तो कण काढला तर..."

"हलक्या हातानं."

तंत्रज्ञाने डाख द्यायच्या तापलेल्या सळईचे टोक टेकवले. काळा कण अलगद सुटला. पिशवीची मोहोर तुटली, नवी तार जोडली गेली. धाकटीने बटणावर बोट ठेवले. मग दाबले.

डिस्क गुणगुणू लागली.

"आधी प्रत!" तंत्रज्ञ ओरडला. "द्वारपाल नाहीये आता!"

"घे रे बाबा, घे," ताई म्हणाल्या. "दोन काय, दहा नगरं होऊ देत."

प्रत पूर्ण झाल्यावर पडदा उजळला. गल्ली नव्हे, नगर! नदीच्या वळणावरून प्रकाश सरकत आला आणि एकामागून एक सहस्र गवाक्षे सोन्याची झाली. वकिलांच्या तोंडून, बहुधा आयुष्यात प्रथमच, शब्द फुटला नाही.

"हे... तुम्ही दोघींनी?" दादांनी कसेबसे विचारले.

"ती नदीकाठची खिडकी तुझी," ताईंनी पडद्यावर बोट टेकवले. "निवांत बसून नाक मुरडायला."

"दादा, मी तुझ्यावर..." धाकटी त्यांच्याकडे वळली.

"गप गं. सूर्य बघ."

ताईंनी तळहात पुढे केला. तंत्रज्ञाने तो काळा कण त्यावर ठेवला. त्यांची बोटे त्याच्यावर देव्हाऱ्यातल्या फुलासारखी मिटली.

"वेशीवर एक चौकी बांधायची राहिलीय," त्या म्हणाल्या. "धाकटे, खुर्ची ओढ. सोमवारपर्यंत होईल."