दर तिसरी जखम

सकाळी सव्वादहाला फौजदारांचा फोन आला तेव्हा मिस्त्रीबाईंचे दोन्ही हात ग्रीसने माखलेले होते. फोन त्यांनी खांद्याने कानाशी दाबून धरला.

"बाई, थोरल्या नावाड्याची मोटर टेम्पोतून पाठवतोय. बाकी सगळं बाजूला ठेवा आणि ती तपासा."

"धाकटा कसा आहे?"

"कोठडीच्या भिंतीवर डोकं आपटून घेतलं त्याने. दोघांनी आवळून धरला म्हणून वाचला. सात टाके पडलेत. सारखं एकच, मी दादाला कापलं, मला लटकवा."

काल दुपारी नदीच्या मध्यावर जे घडलं ते एव्हाना दोन्ही काठांवर पोचलं होतं. थोरला आणि धाकटा, दोघे भाऊ बोटीने पलीकडच्या काठाला निघाले होते. तिकडे थोरल्याची लेक दिलेली. अर्ध्या वाटेत मोटरचा जोर गेला. पंख्यात गवत अडकलं की काय, ते बघायला थोरला मोटर बंद करून मागे वाकला. धाकट्याने घाईत सुरू करायची दोरी ओढली. मोटर गिअरमध्येच होती. बोटीने हिसका खाल्ला, थोरला पाण्यात गेला आणि पाणी लाल झालं. पलीकडून जावई आपली बोट घेऊन धावला. प्रेत त्यानेच वर ओढलं.

मोटर आली. पंचवीस वर्षांची जुनी, दोन सिलिंडरची. सोबत फौजदारही आले. त्यांच्या हातात डॉक्टरांचा कागद होता.

"अकरा जखमा," ते म्हणाले. "पाठीवर सहा, छातीवर पाच, सारख्या अंतरावर. मोटरच्या पंख्याच्याच, यात डॉक्टरांना शंका नाही. फक्त दर तिसरी जखम स्वच्छ कापलेली नाही, फाटलेली आहे. मांस ओरबाडल्यासारखं."

मिस्त्रीबाईंनी पंखा ओल्या फडक्याने पुसला. तीन पाती. प्रत्येक पात्याच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. तिन्ही गुळगुळीत.

"हिचा जोर का जात होता?" फौजदारांनी विचारलं.

"तेच बघू आधी."

त्यांनी दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. काटा दोन्हीकडे एकाच आकड्यावर थांबला. प्लग काढले. कोरडे, तपकिरी, ठिणगी निळी. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबला. तो टणक झाला आणि टणकच राहिला. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही उघडं होतं.

"म्हणजे मोटर ठणठणीत आहे?"

"मोटर ठणठणीत आहे. पण बोट पुढे सरकत नव्हती." बाईंनी खडू घेतला. पंख्याच्या मधल्या नळीपासून बाहेरच्या कवचापर्यंत एक सरळ रेघ मारली. मग मोटर पाण्याच्या हौदात टांगली, सुरू केली, गिअरमध्ये टाकून जोर वाढवला. आवाजाने वर्कशॉपचे पत्रे थरथरले. हौदातलं पाणी मात्र नुसतं डुचमळत होतं.

बाईंनी एक वल्हं उचललं आणि सरळ पात्यांमध्ये खुपसलं.

फौजदार दचकून मागे सरले. पण वल्ह्याचा भुगा झाला नाही. पाती वल्ह्याला टेकली आणि थांबली. वर मोटर किंचाळत राहिली.

मोटर बंद करून त्यांनी पंखा उचलून दाखवला. खडूच्या रेघेचे दोन तुकडे झाले होते. नळीवरचा एकीकडे, कवचावरचा भलतीकडे.

"पंख्याच्या पोटात रबराचा बुश असतो. दांडा फिरतो, त्याच्या पकडीने पाती फिरतात. हा बुश मेलाय. हलका हिसका देईल, त्यापुढे नुसता घसरणार. साहेब, या पंख्याने माणूस सोडा, ओला दोरसुद्धा तुटणार नाही."

फौजदारांनी कागदाची घडी घातली. "चला माझ्याबरोबर."

धाकटा दवाखान्यात होता. डोक्याला पट्टी, मनगट पलंगाला बेडीने अडकवलेलं. गादीच्या कडेला रक्त सुकलं होतं.

"दोरी ओढल्यावर काय झालं?" बाईंनी विचारलं.

"मी तोंडावर पडलो. नाक फुटलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. तसाच चाचपडत मोटर बंद केली."

"लगेच?"

"लगेच. पण आवाज थांबेना. कानात घुमत होता. एकदा मोठा झाला, मग लहान, पुन्हा मोठा. उठून बघतो तर..." त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"पलीकडे कशाला निघाला होतात?"

"पोरीला आणायला. जावयाने तिचा हात मोडलाय. परवा दादाने त्याला धक्क्यावर चारचौघांत लाथांनी तुडवला. म्हणाला, उद्या लेकीला घेऊन जातो, आडवा आलास तर पुरून टाकीन."

फौजदार आणि बाई पोलिसांच्या लाँचने पलीकडे पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. जावई धक्क्यावर बसून जाळ्याचा दोर वळत होता. वरच्या पायरीवर त्याची बायको उभी होती. हात प्लास्टरमध्ये, ओठ सुजलेला.

"हाताला काय झालं?" फौजदारांनी तिला विचारलं.

"पायऱ्यांवरून घसरली," उत्तर जावयाने दिलं.

"बरं. काल तुम्ही मोटर कुठे बंद केलीत?"

"मामांपासून तीस हात अलीकडे. उडी मारून पोहत गेलो. त्यांच्या जवळ मोटर नेईन का मी?"

बाई तोवर त्याच्या बोटीत उतरल्या होत्या. त्यांनी मोटर उचलून पंखा पाण्याबाहेर काढला. दोन पाती कोरी करकरीत. तिसऱ्या पात्याचं टोक तुटून कड करवतीसारखी झाली होती.

"साहेब, इकडे या. तीन पाती. दोन कापतात, तिसरं फाडतं."

"दगडाला लागलंय ते!" जावई उठला.

"लागलं असेल," बाई शांतपणे म्हणाल्या. "थोरल्याच्या पंख्याला ओरखडासुद्धा नाही, आणि तो कापूच शकत नाही. धाकट्याने मोटर बंद केली तरी आवाज येत राहिला. तो तुमच्या मोटरचा. थोरला पाण्यात पडला, पण तो पट्टीचा पोहणारा. बोटीकडे पोहत असणार. तुम्ही पाठीवरून बोट घातलीत. तो उलटा झाला, तेव्हा वळून छातीवरून घातलीत. म्हणून जखमा दोन्हीकडे. तीस हातांवर मोटर बंद असती, तर एकही झाली नसती."

"चुकून झालं..." जावयाचा आवाज चिरकला. "एवढ्या वेगात कळलंच नाही..."

"पहिल्यांदा चुकून," फौजदार म्हणाले. "आणि दुसऱ्यांदा?"

जावयाने वाकून नांगर उचलला आणि बाईंच्या डोक्यावर भिरकावला. बाई बोटीच्या तळाशी आडव्या झाल्या. नांगराने फळी फोडली. फौजदारांनी त्याला मागून धरलं, त्याने कोपराने त्यांचा दात पाडला. दोघे पायऱ्यांवरून गडगडत खाली आले. लाँचवरच्या शिपायाने उडी घेतली, जावयाच्या पाठीत गुडघा रोवला, हात पिरगाळले. तरी तो वर बघून ओरडत होता, "गप्प राहा! तू गप्प राहा!"

बायको तीन पायऱ्या खाली उतरली.

"मी इथूनच बघितलं सगळं," ती फौजदारांना म्हणाली. "बाबा हात वर करून ओरडत होते. याला वाटलं असतं तर थांबता आलं असतं. रात्री म्हणाला, बोललीस तर दुसरा हात मोडीन." तिने श्वास घेतला. "कुठे सही करायची? उजवा हात चालतोय माझा."

संध्याकाळी धाकट्याची बेडी काढली. बाईंनी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो बराच वेळ मनगट चोळत राहिला.

"पण पाण्यात मीच पाडलं ना त्याला?"

"हो," बाई म्हणाल्या. खोटं त्यांच्याने बोलवेना. "दोरी तुम्हीच ओढलीत. पण तो पोहत होता. तुमच्याच बोटीकडे."

तेव्हा कुठे धाकटा रडला. तोंड उशीत खुपसून, पलंग हलेपर्यंत. पुतणी दारात आली होती. ती आत येऊन त्याच्या पायाशी बसली.

"काका, बाबांना अग्नी द्यायचाय," ती म्हणाली. "चपला घाला."