बिनजोडीची दोन हाडं

दुपारी जेवायला बसलं की पहिला घास मी गळ्यातल्या टाकाला लावत असे. मेहकरच्या सरकारी दवाखान्यामागे आमची खोली होती. हे तिथे ड्रेसर होते, जखमा धुऊन पट्ट्या बांधायचे. मी दुसरेपणाची. पहिली अन्नपूर्णा मोठ्या तापाच्या साथीत गेली होती. मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक दुसरीने गळ्यात घालायचा आणि तिला दिल्याशिवाय काही घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. टाकावर बाईचं तोंड ठोकलेलं होतं. भाकरी असो, कुंकू असो, नवं लुगडं असो, आधी तिचं.

"तिचं तिले दे, मंग तुले कोण अडवते?" सासूबाई म्हणायच्या.

मी द्यायचे. टाकाच्या तोंडावर तुपाचा थर बसायचा. तो राखेनं घासून काढायचे, जरा जोरानेच.

यांना कंपाउंडरच्या परीक्षेला बसायचं होतं. पुस्तक इंग्रजी, आणि मला तेव्हा मराठी अक्षरही येत नव्हतं. नजर पुस्तकात आणि बोट माझ्या तोंडावर, असा यांचा अभ्यास चाले.

"तोंडाची हाडं चौदा," हे म्हणाले. "बारा जोडीची. गालाचं इकडे एक, तिकडे एक. बिनजोडीची दोनच." बोट हनुवटीवर आलं. "हा खालचा जबडा. साऱ्या तोंडात हलते ते हेच. चावणं याचं, बोलणं याचं."

"अन् दुसरं?"

"नाकाच्या आत, मधात. नांगराच्या फाळासारखं पातळ. नावच फाळावरून पडलं म्हणते. एका नाकाच्या दोन खोल्या करते."

"बिनजोडीचं आहे म्हणून सुखात आहे. जोडी आली का भांडण आलं."

हे हसले नाहीत.

"तिच्या तोंडावर बी मोजले होते का?" मी विचारलं.

यांनी पान उलटलं.

उन्हाळा लागला तसे हे दुपारी जेवून घरीच थांबू लागले. मी चटईवर पडले की उशाशी बसून पंख्याने वारा घालायचे. माझ्या माहेरी, साखरखेर्ड्याला, कोण्या नवऱ्याने बायकोला वारा घातल्याचं मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, टाकातली आता टाकातच राहील. मी सुखाने झोपायचे.

उठल्यावर मात्र जबडा ठणकायचा. कोणी तासभर ऊस सोलून खावा तसा. कानापुढचा सांधा कटकट वाजायचा. मी म्हटलं, दाढ आली असेल.

एकदा सासूबाई शेवया सुकत घालताना म्हणाल्या, "काय वं मनकर्णा, झोपीत काय सांगतं तू त्याले? शेषराव काल हसून राह्यला होता. लई दिवसांनी हसला माहा पोरगा."

मी जागी असताना हे कधी हसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी डोळे मिटून नुसती पडले. पंखा हलत होता. बाहेर दवाखान्याच्या ओट्यावर कोणाचं पोर रडत होतं. पंखा थांबला. हे खाली वाकले. यांच्या तोंडाला कात-बडीशेपीचा वास होता.

"अन्नू, आली का?"

मी दात घट्ट आवळले. आवळले तरी खालचा जबडा हळूच खाली गेला. ओढला नाही, ढकलला नाही. दार ज्याचं त्याने उघडावं तसा.

"हाव," माझं तोंड म्हणालं.

आवाज माझाच होता. बोलण्याची ढब माझी नव्हती.

"आज पोट भरलं का?"

"भाजीत मीठ कुठी होतं? तिले समजतच नाही. तुमी कसे खाता बापा?"

आणि हे हसले.

मी उठून बसले. भीती वाटली नव्हती, हे मला आजही नीट सांगता येतं. मीठ मी बरोबर घातलं होतं.

"लाज नाही वाटत?" मी म्हणाले. "माह्या तोंडानं तिच्याशी बोलता?"

यांनी पंखा खाली ठेवला. "ती गेली तवा मी खामगावले होतो, साथीच्या कामावर. जबड्याले फडकं बांधाले तापानं पडलेल्या घरात कोणी उभं नव्हतं. तोंड उघडंच राह्यलं तिचं. तिले काही बोलाचं होतं."

"मंग बोलली का ते?"

"नाही अजून. दुसरंच बोलते." पंखा परत उचलून म्हणाले, "तुले मी काय कमी केलं?"

मी टाक गळ्यातून काढला आणि देव्हाऱ्यात पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला घास मीच खाल्ला. मग यांच्याच पेटीतली पट्टी घेतली, हनुवटीखालून घालून टाळूवर गाठ मारली. पक्की.

"अवं, असं मेलेल्याले बांधतेत!" सासूबाई ओरडल्या.

"तेच बांधून राह्यली," मी दातांतून म्हणाले.

आणि झोपले.

जाग आली तेव्हा ऊन उंबऱ्यावरून सरकलं होतं. गाठ जशीच्या तशी. जबडा ठणकत नव्हता. मी जिंकले होते.

हे उशाशीच होते. रडत असतील असं वाटलं होतं. रडत नव्हते. अत्यवस्थ माणसाचा श्वास पाहतात तसं बोट माझ्या नाकाखाली धरून, मान कलती करून, काही ऐकत होते. मधेच हो म्हटल्यासारखी मान हलवत होते.

मी माझं बोट तिथे नेलं.

सर्दीने एक नाकपुडी बंद होते, हे मलाही ठाऊक आहे. बंद एकही नव्हती. दोन्हींतून श्वास येत होता.

उजवीतला गरम होता.

डावीतला गार होता. भर वैशाखात, माठाच्या तोंडातून यावा तसा.

मधे फाळाएवढं पातळ हाड.

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी पाहिलं नाही. यांचं बोट डाव्या नाकपुडीखाली होतं, आणि ते त्यांनी हलवलं नाही.