तीन गाठी

"हसायचं ते आत्ताच हसून घ्या," मामा म्हणाला. "नंतर कुणी म्हणायचं नाही, मामा, दारापर्यंत सोडायला चल."

लाइट गेली होती. पोरं चटईवर एकमेकांना चिकटून बसली होती. मामा पूर्वी हॉटेलांना पाव पोचवायची गाडी चालवायचा, आणि ही गोष्ट त्याच्या तेव्हाच्या एका दोस्ताची. दोस्ताला सगळे हरकाम्या म्हणायचे.

हॉटेल सहा टेबलांचं. आचारी हाच, वेटर हाच, गल्ल्यावर हाच, भांड्यालाही हाच. गिऱ्हाईक ओरडलं, "आचाऱ्याला बोलव, मीठ जास्त झालंय!" की हा आत जायचा, खांद्यावरचं फडकं काढून टोपी चढवायचा आणि मान खाली घालून परत बाहेर यायचा.

"आणि शिव्या?" बारक्यानं विचारलं. बारक्याचं तोंड कधी बंद नसायचं.

"चौघांच्या वाटणीच्या एकटाच खायचा."

आधी भांड्याला एक म्हातारे काका होते. एप्रनची नाडी पोटावर आणून तीन गाठी मारायचे, एकीवर एक. दुसऱ्या कुणाच्या बापाला ती सुटायची नाही. एका रात्री मोरीपाशी बसले ते उठलेच नाहीत. मालकानं नवीन माणूस घेतला नाही. हरकाम्याला म्हणाला, "तू आहेस की." काकांचं एप्रन तसंच खिळ्यावर राहिलं.

तर, महिन्यातला शेवटचा मंगळवार. हरकाम्या संध्याकाळी घरून निघाला, जाताना हॉटेलचं दूध घ्यायचं होतं. पोरीनं शर्ट धरला. चार वर्षांची.

"बाबा, आज तू झोपवायचंस."

"नऊला घरात. शप्पथ."

"तिला थापा मारू नकोस हं," बायको म्हणाली. "खिडकीत बसून राहते ती. मग रडत झोपते."

पण साडेआठला कुठलीशी मॅच जिंकलेली टोळी आली. सगळी टेबलं भरली. तव्यावर धूर, मोरीत भांड्यांचा डोंगर, बाहेर "ए वेटर!" हात भाजला. घड्याळात बघितलं तर नऊ. खिडकीतली पोर डोळ्यांपुढं आली आणि याचा बांध फुटला. मोरीकडे तोंड करून म्हणाला, "काका, माझं एक तरी काम घ्या हो..."

मोरीच्या पडद्यामागं नळ सुरू झाला.

"मामा, पुरे..." बारका पुटपुटला.

"गप. तूच म्हणालास ना, सांग."

नळ थांबला. यानं पडदा सारला. भांडी... तशीच. एकाला पाणी लागलेलं नाही. खिळा मात्र रिकामा. मागचं दार उघडं. फरशीवर ओली पावलं. बाहेर गेलेली.

"वेटर! मेलास का रे?"

हा परत बाहेर पळाला. काय करणार? भास झाला म्हणाला. भांडी घासली, शटर ओढलं. घरी पोचला तेव्हा बारा वाजून गेले होते.

बायकोनं डोळे चोळत दार उघडलं. "आता परत कुठं गेला होतास?"

"परत?"

"नऊला आलास ना. अंधारात तसाच आत गेलास, पोरीपाशी. मी जेवायला हाक मारली तर ओ नाही. हात पण ओलेच होते तुझे." मग हसली. "पण काय शांत झोपली रे आज."

हरकाम्या आत गेला.

आत गेला. हळू. नाकाजवळ बोट धरलं.

श्वास... होता.

मग फ्रॉककडे बघितलं. मागं बांधायची नाडी पुढं आणलेली. पोटावर.

तीन गाठी. एकीवर एक.

मामा बारक्याजवळ सरकला.

"पोरगी ठणठणीत आहे," मग म्हणाला. "हरकाम्या पुन्हा त्या हॉटेलात गेला नाही. नाडी कात्रीनं कापावी लागली. घरात नको म्हणून मला दिली. बारा वर्षं झाली."

अंधारात त्यानं खिशात हात घातला आणि बारक्याच्या तळहातावर काहीतरी ठेवलं.

बारक्यानं बोटांनी चाचपलं. गाठी लागल्या. तीन.

"मामा," एवढंच म्हणाला, "ओली आहे."