डाव्या कानातला कापूस

"सुवर्णा, पडदा उघडण्याआधी शेठ दोन शब्द बोलणार आहेत बरं का!" दिग्दर्शक ज्ञानेश सहज सांगून गेला, आणि रंग लावलेल्या चेहऱ्यावरून अश्रू ओघळू नयेत म्हणून सुवर्णाने मान वर करून छताकडे पाहिलं… नाना बोलणार! आज पुन्हा सगळ्यांदेखत!

रविवार कारंज्यापाशी तिच्या वडिलांचं, नानांचं म्हणजे पुंजारामशेठचं, सेकंडच्या कापडाचं दुकान होतं. सेकंड म्हणजे विणताना कुठे धागा तुटलेलं, कुठे रंग चुकलेलं, म्हणून निम्म्या भावात मिळणारं कापड. शेठचा नेम एकच. ठाण उलगडायचं, दोषावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "हे पाहून घ्या, नंतर तक्रार नको." या सचोटीवरच दुकान मोठं झालं होतं.

पण सहा वर्षांपूर्वी घोटीचे पाहुणे तिला पाहायला आले, तेव्हाही त्यांनी तेच केलं! हनुवटीला धरून तिचं तोंड वळवलं, तिचे केस उचलले आणि म्हणाले, "हा डावा कान बंद आहे, लहानपणी तापात गेला. पाहून घ्या, नंतर तक्रार नको."

पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. सुवर्णाही घर सोडून गेली, दिंडोरीला, एका वायनरीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. तेव्हापासून आईशी ती फोनवर बोलायची, पण नानांशी एक शब्दही नाही… आणि डाव्या कानावरचे केस तिने कधी बाजूला होऊ दिले नाहीत.

नोकरी सांभाळून ती ज्ञानेशच्या मंडळीत नाटकं करू लागली. मग दोन वर्षांपूर्वी जन्मात नाटक न पाहिलेल्या पुंजारामशेठनी आपलं पत्र्याचं गोदाम नाटकवाल्यांना देऊन टाकलं. पडदा, दिवे, खुर्च्या, सगळं स्वतःच्या खर्चाने! गावात त्यांना नाट्याश्रयदाते म्हणू लागले. 'मुलीची लाज राखता आली नाही, आता नाव मिळवताहेत,' असं म्हणत सुवर्णाने त्या गोदामात पाऊल न ठेवण्याची शपथच घेतली होती. पण ठरलेलं सभागृह ऐनवेळी दुरुस्तीसाठी बंद झालं, प्रयोग गोदामात हलवावा लागला, आणि मंडळींच्या मेहनतीपुढे तिने आपली शपथ गिळली.

भीती दुहेरी होती. नाना काय बोलतील ही एक. आणि दुसरी ही, की पत्र्याखाली आवाज घुमतो, एका कानाला त्यातून शब्द वेगळे करता येत नाहीत. तिचा सगळ्यात मोठा प्रवेश नायकाच्या एका वाक्यानंतर सुरू व्हायचा, आणि तेव्हा ती नायकाकडे पाठ फिरवून, प्रेक्षकांकडे तोंड करून उभी असायची. ते वाक्य हुकलं तर अख्खं नाटक कोसळणार होतं!

प्रेक्षक यायच्या आत जागा तपासावी म्हणून ती विंगेत आली आणि तिथेच थबकली. रंगमंचावर तिच्याच जागी नाना उभे होते. मागे मालेगावहून माल आणणारे लियाकतभाई कमरेवर हात ठेवून नायकाचं तेच वाक्य ओरडत होते, "दार उघडं ठेव, मी परत येतोय!… शेठ, किती वेळा परत येऊ? घसा बसला माझा!"

"ज्ञानेशनं हेच वाक्य आणि हीच जागा सांगितलीय. शेवटचा शब्द अजून घुमतोय. त्या खांबापाशी आणखी एक पट्टा टांग."

"अहो, दोन वर्षं हे पट्टे टांगणंच चाललंय! अख्ख्या मालेगावचं सेकंड तुमच्या भिंतींवर गेलं. लोक हसतात, म्हणतात शेठनं दुकानच टांगलं. आणि जिच्यासाठी हे सगळं, ती तर आजवर कधी आली नाय इथं."

"आज येतेय. तिचं अडायला नको."

सुवर्णाने वर पाहिलं. भिंतींवर, पत्र्याखाली, खांबांभोवती चुण्या घालून टांगलेलं जाडजूड कापड… आवाज पिऊन टाकणारं! ती न राहवून पुढे झाली.

"नाना…"

ते वळले नाहीत. मागे लियाकतभाई शिडी ओढत होते, त्या खडखडाटात तिने पुन्हा हाक मारली, तरी ते शांतपणे समोरच पाहत राहिले. मग तिला दिसलं: त्यांच्या डाव्या कानात कापसाचा बोळा ठासून भरलेला होता. ऐकू न येणारं माणूस बाहेरून कसं दिसतं, ते ती आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होती! वळसा घालून ती त्यांच्या उजव्या बाजूला आली.

"कधी आलीस?" नानांनी गडबडीने कापूस काढला.

"दोनदा हाक मारली."

"मला… नाही आली ऐकू." त्यांनी हातातल्या कापसाकडे पाहिलं. "असंच होतं का गं तुला? रोज?"

"त्याची सवय होते. पण तुम्ही सगळ्यांसमोर माझे केस उचललेत, नाना… ते अजून दुखतं."

"खोटं सांगून तुला द्यायची नव्हती गं, पोरी… पण आधी तुला विचारायला हवं होतं. तू काय ठाण होतीस?" सुवर्णाने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, तसे लियाकतभाई पाठ फिरवून डोळे पुसू लागले. "धूळ लय आहे इथं," ते पुटपुटले.

तिसरी घंटा झाली. गोदाम खच्चून भरलं होतं. नाना पडद्यापुढे आले, आणि विंगेत सुवर्णाचा हात नकळत डाव्या कानावरच्या केसांकडे गेला… इतकं होऊनही! नेम तो नेमच. नानांनी पडद्याचा काठ हातात घेतला आणि एका जागी बोट ठेवलं.

"मंडळी, हा पडदा सेकंडचा आहे. इथं धागा चुकलाय. पाहून घ्या, नंतर तक्रार नको."

हास्याचा एकच कल्लोळ उठला. नाना आणखी एक शब्दही न बोलता खाली उतरले. सुवर्णाने दोन्ही हातांनी केस मागे ओढून घट्ट अंबाडा बांधला आणि उघड्या कानाने ती प्रकाशात गेली.

तो क्षण आला. ती प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहिली. पहिल्या रांगेत नाना होते, आणि त्यांच्या डाव्या कानात तो कापूस पुन्हा होता!

"दार उघडं ठेव, मी परत येतोय!"

शेवटच्या अक्षरापर्यंत वाक्य लख्ख आलं. समोर नानांची मान समाधानाने हलली… आणि सुवर्णा बोलू लागली.